तोंडातला घोट

नाही, पण मला एक सांगा, थुंकायचं कसं? हसू नका, मी सरळ विचारतोय... समोर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, त्यावर चकचकीत ग्लास, पलीकडे काळा एप्रन घातलेली एक हसतमुख मुलगी, आजूबाजूला माझ्यापेक्षा बऱ्या कपड्यांतली मंडळी, आणि ती मुलगी गोड आवाजात सांगते, "काका, एक घोट घ्या, तोंडात छान घोळवा, आणि मग या भांड्यात थुंकून टाका!" थुंकून टाका! जसं काही चपला बाहेर काढून ठेवा! अहो, आमच्या वडिलांनी मला आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी कानफटवलं ती ही, चारचौघांत थुंकणं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर एक पोरगी मला सांगते की इथे तीच रीत आहे, आणि वर पुढे करते काय, तर स्टीलचं भांडं, इतकं लख्ख की त्यात मला माझंच तोंड दिसत होतं, दोन्ही गाल फुगलेलं... आता स्वतःच्याच तोंडावर थुंकायचं का मी?

आता तुम्ही म्हणाल, एवढंच आहे तर गिळा की! वाइन प्यायला गेला होतात ना, मग प्या! अहो, तिथेच तर सगळं अडलं. प्यायला ते तिघं गेले होते. मी गेलो होतो चाखायला. नुसतं चाखायला, पोटात थेंब जाऊ द्यायचा नाही, कारण गाडी कोण चालवणार? मी!

तिघं कोण ते आधी सांगतो, नाहीतर पुढे तुमचा गोंधळ व्हायचा. माझं चष्म्यांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात टेलर, समोर औषधाच्या दुकानात केमिस्ट, आणि चौथा मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचा, आता रिटायर होऊन आमच्या तिन्ही दुकानांत आळीपाळीने बसतो आणि गिऱ्हाइकांना वाऱ्याची दिशा सांगतो. एका बाईला मी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता, "खालची ओळ वाचा," म्हटलं, तर हा मागून म्हणतो, "ताई, तुमची खिडकी पश्चिमेला आहे का?" बाई चष्मा न करताच गेली. असा आमचा कंपू.

तर झालं काय, टेलर निघाला. म्हणजे कायमचा निघाला. त्याची बायको गेल्यापासून एकटाच असतो, मुलगा लांबच्या शहरात मोठ्या नोकरीवर, आणि तो फोनवर सारखा, "बाबा, या ना इकडे, किती दिवस एकटे राहणार, इथे खोली रिकामी आहे, नातू विचारतो..." मुलगा चांगला आहे हो, त्यात काही वाद नाही, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान चार शिव्या देता आल्या असत्या. मग केमिस्टने टूम काढली, टेलरला निरोप म्हणून एक दिवसाची सहल करू, शहराबाहेर त्या टेकड्यांवर वायनऱ्या आहेत, तीन तरी बघू, चाखू, जेवू, संध्याकाळी घरी. मास्तर म्हणाला, "उत्तम! दक्षिणेचा उतार!" टेलर म्हणाला, "बरं." आणि मी? मी काही म्हणालोच नाही.

कारण मला तो जायला नको होता. आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. माझ्या आणि त्याच्या दुकानात नुसतं एक प्लायवूडचं पार्टिशन. त्याचं मशीन चालू असलं की माझ्या शोकेसमधल्या फ्रेमा बारीक थरथरतात, आणि मशीन थांबलं की मी मान वर करतो, काय झालं याला? आणि बोलायचं झालं तर जागचं उठायला नको, पार्टिशनवर दोन बोटं वाजवायची आणि विचारायचं, "चहा सांगू का रे?" आता टेलरच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांत चार-पाच टाचण्या धरून हा माणूस अख्खा दिवस काढतो, त्यामुळे पलीकडून उत्तर काय, तर "हं." एक हं म्हणजे हो. "हं हं" म्हणजे नाही. इतक्या वर्षांत आमचं निम्मं बोलणं या दोन आवाजांत झालं. चहा सांगू? हं. पाऊस येईल का रे? हं हं. त्याची बायको आजारी होती तेव्हा रोज सकाळी विचारायचो, बरं आहे का आज? हं. एके दिवशी "हं हं" आलं आणि मी दुकानाचं शटर ओढलं...

जाऊ द्या. तर असा माणूस जाणार म्हटल्यावर मला करमणार होतं का? नाही करमणार! ते त्याला सांगायला नको का? सांगायला हवं! पण आपलं कसं असतं बघा, गाडीचा टायर, गुडघेदुखी, जावयाची नोकरी, यावर आम्ही तासन्‌तास बोलू, पण "अरे, तू जाऊ नकोस, मला तुझी सवय आहे," एवढं वाक्य म्हणायची वेळ आली की मी छताच्या पंख्याकडे बघायला लागतो. म्हणून मी मनाशी ठरवलं, सहलीच्या दिवशी बोलायचं. दिवसभर हाताशी आहे, कुठेतरी कोपऱ्यात गाठायचा आणि सांगून टाकायचं.

आणि त्याच दिवशी मला ड्रायव्हर केला! चारही जणांना गाडी चालवता येते, पण ठरलं माझंच, ते कुणी ठरवलं? बायकांनी. टेलरला जाब विचारणारी कुणी नाही, त्यामुळे तो सुटला, आणि उरलेल्या तिघींचं एकमत, जे एरवी कशावरही होत नाही, ते माझ्यावर झालं. आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही न पिताच इतकं बोलता, प्यायची गरज काय?" आणि माझ्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं, एक थेंबही पोटात जाणार नाही, गेला तर स्टिअरिंगला हात लावणार नाही. मी शब्द दिला. त्याच शब्दाने पुढे घात केला माझा.

निघालो. टेलर माझ्या शेजारी, गळ्यात टेप. सहलीला टेप! म्हटलं, "अरे काढ की तो," तर म्हणतो, "राहू दे, काढला की हलकं हलकं वाटतं." शहर मागे पडलं, मोकळा रस्ता लागला, म्हटलं हीच वेळ. मी घसा साफ केला. "टेलर," मी म्हणालो. "बोल," तो म्हणाला. "मी काय म्हणत होतो..." आणि मागून मास्तर, "थांब थांब थांब! डावीकडे बघा सगळे! हा जो उतार दिसतोय ना, हा पूर्वी नदीचा काठ होता!" बघितला उतार. पुन्हा घसा साफ केला. "टेलर, तू जे म्हणतोस जायचं..." "इथे वळ! वळ! गेलं वळण!" झालं. मग गाडी मागे घ्या, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, केमिस्ट म्हणतोय, "अरे, नीट लक्ष दे ना पुढे, गप्पा कसल्या मारतोस?" लक्ष मीच द्यायचं, कारण गाडी कोण चालवणार? मी!

पहिली वायनरी आली. द्राक्षांच्या रांगा, पुढे बैठी पांढरी इमारत, आत ती मुलगी. तिने पद्धत सांगितली, आधी रंग बघा, मग ग्लास गोल फिरवा, मग नाक आत घालून वास घ्या, आणि सांगा कसला येतो ते. मास्तरने नाक घातलं, म्हणाला, "खडूचा!" केमिस्ट म्हणाला, "खोकल्याच्या औषधाचा. चांगल्या कंपनीच्या." टेलरने डोळे मिटून बराच वेळ हुंगलं आणि म्हणाला, "नवा तागा उघडल्यावर येतो ना, तो." ती मुलगी इतकी आनंदली, म्हणाली, "वा, किती वेगळं सांगितलंत!" मग माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मी नाही घेत, मी ड्रायव्हर. "मग नुसती चव घ्या काका, आणि थुंकून टाका, सगळे ड्रायव्हर तेच करतात!" आणि ते तिघंही, "घे रे, घे घे, निरोपाचा दिवस आहे!" निरोपाचा म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. घेतला घोट.

आणि पुढचं तुम्हाला मघाशी सांगितलंच. भांडं, त्यात माझं तोंड... थुंकवेना. आता ही मंडळी निवांत गप्पा मारतायत, आणि मी गाल फुगवून उभा. म्हटलं बाहेर जाऊ, मोकळ्या हवेत, द्राक्षांच्या रांगेमागे उरकून टाकू. हळूच सटकलो. दारातच एक कुटुंब! आई, बाप, दोन मुली, आजोबा खुर्चीत. "अहो काका, एक फोटो काढाल का प्लीज?" आणि हातात मोबाइल कोंबला. नाही कसं म्हणणार? तोंडच उघडता येत नाही! काढला फोटो. "काका, उभा पण एक घ्या!" घेतला उभा. "काका, तुम्ही एक दोन तीन म्हणा ना, आजोबा डोळे मिटतात!" मी बोटं दाखवली. एक, दोन, तीन. आजोबांनी डोळे मिटलेच. "काका, अजून एक!" इकडे वाइन कोमट झाली होती, जबडा दुखायला लागला होता, डोळ्यांत पाणी, आणि ती बाई नवऱ्याला हळूच म्हणते, "बघा, किती भावुक झालेत काका आपल्याला बघून."

शेवटी एका रांगेमागे जाऊन मोकळा झालो. मोकळा झालो आणि समोर बघतो तर माळीदादा, हातात कात्री घेऊन. माझ्याकडे बघितलं, झाडाच्या बुंध्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "आतमध्ये भांडं असतं हो त्यासाठी." मी म्हटलं, "माहीत आहे."

दुसरीकडे वेगळीच तऱ्हा. तिथे मालक स्वतः, गोल पोट, गोल चेहरा, आणि वाइनबद्दल असा बोलतो की वाटावं धाकट्या लेकीचं स्थळ दाखवतोय. "ही जरा लाजरी आहे बरं का, हिला वेळ द्या, आपोआप खुलेल..." घोट तोंडात असताना तो माझ्या अगदी नाकासमोर येऊन उभा राहिला. "कशी वाटली?" मी मान हलवली. "शेवटी थोडी तिखट लागते, हो ना?" मान हलवली. "काही उणं वाटलं?" मान हलवली, आडवी. तो इतका खूश, तिघांना म्हणतो, "हे बघा, याला म्हणतात चव घेणं! एक शब्द बोलत नाहीत!" आणि दुसऱ्या बाटलीतली ओतली. पहिली अजून तोंडात! शेवटी तो बाटली ठेवायला वळला तेव्हा खिडकीतल्या फुलदाणीचा आश्रय घेतला. फुलं कागदाची निघाली. आता कागदाची फुलं लाल झाली तर तो काय माझा दोष?

तिथेच अंगणात जेवायला बसलो, ब्रेड, चीज, ऑलिव्ह. केमिस्ट आणि मास्तर हात धुवायला गेले, टेलर आणि मी दोघंच. म्हटलं, आता. तोंड रिकामं, रस्ता नाही, वळण नाही. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. "टेलर," मी म्हणालो. "हं," तो म्हणाला. "ते..." मी म्हणालो. "काय?" "ते चीज दे जरा." त्याने दिलं. मला चीज आवडत नाही हो! वशाट वास येतो! तरी खाल्लं, मुकाट्याने खाल्लं, आणि तो ब्रेडचे तुकडे करत बसला, एकसारखे, कापडासारखे कडा जुळवून. मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू...

एव्हाना त्या तिघांचं विमान चांगलंच वर गेलं होतं. वाया घालवायची नाही हे त्यांचं तत्त्व, भांड्याकडे ढुंकून बघितलं नाही एकानेही. मास्तरला सगळ्या नद्या समुद्राला जाऊन मिळतात याचं अतोनात वाईट वाटायला लागलं होतं. केमिस्ट, जो गोळी द्यायची तर तीनतीनदा तारीख बघतो, तो वेटरला म्हणत होता, "अंदाजाने ओत रे, माझा विश्वास आहे तुझ्यावर!" आणि टेलरने वाढायला आलेल्या मुलीचा एप्रन बघून सांगितलं, "पोरी, हा आडव्या धाग्यावर कापलाय, म्हणून लोंबतोय, काढून दे, दोन टाके घालतो." आणि घातले! खिशातून सुईदोरा काढून, जेवणाच्या टेबलावर! आणि मी एकटा शुद्धीत या सगळ्यांच्या चपला, टोप्या, मोबाइल गोळा करत फिरतोय, कारण गाडी कोण चालवणार? मी!

मग तिसरी. त्या वायनरीला खाली तळघर. दगडी पायऱ्या उतरून गेलं की थंडगार, मंद दिवे, दोन्ही बाजूंना लाकडी पिंपं, मोठाली, एकावर एक. तिथली गाइड, उंच, गंभीर बाई, हळू आवाजात बोलायची, जणू पिंपं झोपलीयत. तिने एका पिंपातून नळीने काढून प्रत्येकाला थोडी थोडी दिली. मी घोट घेतला आणि भांडं शोधलं. भांडं नाही! कोपरा बघितला, नाही. जमीन अशी घासलेली की तिथे पाय ठेवायची भीती. आणि तेवढ्यात केमिस्टला कुठूनतरी कळलं की वर फुकट चॉकलेट आहे. गेला. मास्तर त्याच्यामागे. गाइडबाई दिवे बघत पुढच्या कमानीपाशी गेल्या. उरलो मी, तोंडात घोट. आणि टेलर.

तो जवळ आला. पिंपावर हात ठेवून उभा राहिला. "एक विचारायचं होतं तुला," म्हणाला. मी भुवया वर केल्या. "मुलगा म्हणतो, तिकीट काढू का बाबा. मास्तरला विचारलं, तो म्हणाला जा, हवा चांगली आहे तिकडची. केमिस्ट म्हणाला जा, दवाखाने चांगले आहेत. तू एकट्यानेच काही सांगितलं नाहीस. मी वाट बघत होतो रे, सकाळपासून, गाडीत, जेवताना... मला वाटलं आता बोलशील, मग बोलशील." टेपशी चाळा करत होता, आवाज इतका खाली की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. "मला काही कळेनासं झालंय. मुलाकडे जावंसं वाटतं आणि दुकानातून उठवत नाही. तू सांगशील ते करतो. शपथेवर. सांग, जाऊ मी?"

अहो, कधी विचारलं? आत्ता! सबंध दिवस माझं तोंड मोकळं असताना नाही, आत्ता, तोंडात ओंजळभर वाइन असताना! गिळावी तर दिलेला शब्द मोडतो, थुंकावी तर समोर त्याचा बूट. डोकं असं भणभणलं... आणि मग आठवलं, अरे, तोंड कशाला उघडायला हवं? आपली भाषा आहे की! दोनदा हं म्हणायचं, म्हणजे नाही! मी जीव एकवटला आणि नाकातून आवाज काढला, "हं..." आणि दुसरा "हं" काढणार, तर वाइन गेली नाकात! अशी झणझणली, टाळूपासून मेंदूपर्यंत! ठसका दाबायचा की आवाज काढायचा? दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दुसरा हं आलाच नाही. एकच गेला. एक हं म्हणजे काय? हो!

टेलरने माझ्याकडे बघितलं. मान हलवली, सावकाश. "बरं," म्हणाला. "तुलाही तसंच वाटत असेल तर... ठरलं मग." आणि वळला, पायऱ्यांकडे निघाला. पाठमोरा. हा माणूस सगळ्या गावाच्या पाठी मोजतो, पण त्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. एक खांदा चांगला चार बोटं खाली आलेला. मशीनवर वाकून वाकून. आणि तो पहिली पायरी चढला, आणि मला एकदम दिसलं, पार्टिशनच्या पलीकडे कुणी मोबाइल कव्हरवाला बसलाय आणि मी बोटं वाजवतोय...

गिळली! तुम्हाला सांगतो, गटकन गिळली, सगळीच्या सगळी, आणि ओरडलो, "जाऊ नकोस!"

आता तळघरात आवाज घुमतो हे तिकीट देताना सांगायला नको का? "जाऊ नकोस... ऊ नकोस... नकोस..." सगळी पिंपं ओरडायला लागली! पलीकडच्या कमानीतली गाइडबाई जागच्या जागी थिजली, छातीला हात लावून म्हणाली, "मी?" म्हटलं, "तुम्ही नाही हो ताई, तुम्ही खुशाल जा!" वरून मास्तर जिन्यात डोकावून, "काय झालं? भूकंप?" आणि मी ठसकतोय, खोकतोय, नाकातून, डोळ्यांतून वाहतंय, आणि तरी बोलतोय, कारण बूच उडालं होतं ना, आता कोण थांबवणार, "जाऊ नकोस रे! मुलाकडे महिनाभर राहून ये, दोन महिने राहा, पण कायमचा जाऊ नकोस! मला करमणार नाही! मी कुणाशी भांडू? मशीन थांबलं की मला काम सुचत नाही, मूर्खा!"

टेलर पायरीवर उभा. वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मग मघाशी हं कशाला म्हणालास?"

"अरे, तोंडात वाइन होती!"

"मग दोनदा म्हणायचं!"

"दुसरा नाकात गेला!"

तो पायरी उतरून खाली आला. खिशातून रुमाल काढला, माझ्या शर्टावर ठसक्याने उडालेली वाइन टिपायला लागला, कॉलरपासून खाली, एका रेषेत, धंद्याची सवय. डोळे त्याचेही ओले होते, मी बघितलं नाही असं दाखवलं. म्हणाला, "हा डाग काही जायचा नाही. नवा शिवून देतो." मी म्हटलं, "कधी देणार? तुझी तारीख मला माहीत आहे." म्हणाला, "घाई काय आहे? आहे की मी इथेच." बस. झालं आमचं बोलणं. मिठ्याबिठ्या आम्हाला जमत नाहीत.

वर आलो. केमिस्ट चॉकलेट खात उभा. म्हणाला, "चला, निघू या, गाडी काढ." मी म्हटलं, "मी नाही चालवणार. मी गिळली." त्याच्या हातातलं चॉकलेट तसंच राहिलं. "किती?" "घोटभर." "घोटभराने काय होतं?" "शब्द दिलाय, थेंब गेला तर स्टिअरिंगला हात नाही." मास्तर म्हणाला, "मग गाडी कोण चालवणार?" आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसात पहिल्यांदाच "मी" असं कुणीच म्हणालं नाही. मग म्हटलं, आता थेंब गेलाच आहे, बाकीच्या थेंबांनी काय घोडं मारलंय? बसलो टेलरशेजारी आणि त्या दिवसाची सगळी कसर भरून काढली. वास घेतला, तर खरंच हो, नव्या ताग्याचा!

गाडी तिथेच ठेवली आणि संध्याकाळी त्यांचा टेम्पो बाटल्या घेऊन शहराकडे येत होता, त्यात मागे खोक्यांवर बसून घरी आलो. मास्तर उताराची माहिती देत होता, उलट्या दिशेने. टेलरने टेम्पोतूनच मुलाला फोन लावला, "सुट्टीत येईन रे, राहीन महिनाभर, पण बाकी इथेच बरा आहे मी." मुलगा कुरकुरला, मग हसला म्हणे. फोन ठेवला आणि टेलर गळ्यातला टेप गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "एक बारीक अडचण आहे रे." म्हटलं, "बोल ना, मित्रा!" मित्रा! मी! त्या वाइनची किमया. म्हणाला, "मला वाटलं तू जा म्हणणार, म्हणून मागच्याच आठवड्यात घरमालकाला खोली सोडतोय असं सांगून टाकलं. त्याने दुसरं बिऱ्हाड ठरवलं पण. दुकान आहे, राहायला जागा नाही." आणि मी, आता माझं तोंड एकदा उघडलेलं होतं ना, ते मिटायलाच तयार नव्हतं, मी खोक्यावर उभा राहून छाती ठोकून म्हणालो, "आमची मागची खोली काय ओस पडलीय? तुझीच आहे! हवे तितके दिवस राहा!" केमिस्ट आणि मास्तरने टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, त्यांच्या घरी नव्हता येणार!

तो आला हो. चार ट्रंका, एक इस्त्री आणि बायकोची तुळतुळीत पुसलेली खुर्ची घेऊन आला, आणि हिने... मला वाटलं ही चिडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती, पण ही म्हणाली, "भावजी, बरं केलंत, या घरात माझं ऐकणारं कुणी नव्हतं." आणि तो ऐकतो! भाजी चिरता चिरता ऐकतो, पडदे शिवता शिवता ऐकतो, सगळं ऐकतो आणि प्रत्येक गोष्टीत तिची बाजू घेतो. मी म्हटलं पंखा लाव, ही म्हणते गार आहे, तो म्हणतो, "वहिनींचं बरोबर आहे." मी म्हटलं आज बाहेर जेवू, तो म्हणतो, "वहिनी दमल्यात, घरीच करू मी काहीतरी." केलंही! चांगलं झालं होतं! माझ्या सगळ्या शर्टांची मापं पुन्हा घेतली आणि पोटाचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. अहो, पार्टिशनच्या पलीकडे होता तेव्हा निदान पार्टिशन तरी होतं!

परवा तर हद्द झाली. मी जरा तणतणलो, म्हटलं, माझ्याच घरात माझं कुणी ऐकेल का? तर ही शांतपणे चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, थुंकायची होती ती वाइन आणि गिळायचा होता तो शब्द. तुम्ही नेमकं उलटं केलंत, आता बसा." आणि मागच्या खोलीतून आवाज आला, तोंडात टाचण्या होत्या त्याच्या, एकच आला, पण काय ठासून आला, "हं!"

बसलो. आता तोंडात घोट नसतो हो, तरी बोलता येत नाही.